भिंतीवरील चित्रे आणि सूक्ष्मजंतू

राळेगणसिद्धीस किंवा पारनेर तालुक्यातील कोणत्याही गावी जुन्या घराच्या मातीच्या भिंतीचे ढलपे पडले असतील, तर विद्यार्थ्यांनी ते एकदा नीट निरखून पाहावेत. मातीत भुसा, गवताच्या काड्या व शेण कालवलेले दिसेल. नुसती माती वाळली म्हणजे तडकते. काडीकचऱ्याने ती एकमेकांस धरून राहते. हीच युक्ती सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी अजिंठ्याच्या कारागिरांनी योजिली होती. या लेखात ज्या जंतूंविषयी आम्ही लिहिणार आहो, त्यांची हकीकत या गिलाव्यापासूनच सुरू करणे बरे. कारण भिंतीत जंतूंस खावयास काय मिळते, हे कळल्यावाचून पुढचे काही उमजणार नाही.

अजिंठ्याची लेणी वाघोरा नदीच्या नालासारख्या वळणावर, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहेत. त्यांतील नवव्या व दहाव्या लेण्यांतील सर्वांत जुनी चित्रे इसवी सनापूर्वीची असून पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या व सतराव्या लेण्यांतील विख्यात चित्रे वाकाटक काळातील, म्हणजे पाचव्या शतकातील होत. कारागिरांनी खडबडीत कातळावर माती, भाताचे तूस, वनस्पतींचे तंतू व बारीक खडी यांचा लेप दिला. त्यावर अधिक मऊ असा दुसरा लेप व वर चुन्याचा पातळ हात फिरविला. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी व परदेशातून आणलेला निळा राजावर्त हे रंग खळीत कालवून भिंतीवर चढविले. तूस, तंतू व खळी हे सारे जंतूंचे अन्न आहे. अन्न घरात असले तरी पाण्यावाचून जंतूंस ते खाता येत नाही. पावसाळ्यात कातळातून झिरपणारे पाणी ही उणीव भरून काढते.

जंतू म्हणजे बहुधा मिलिमीटरच्या एकहजाराव्या भागाएवढा जीव. त्यांतील एक कूळ मात्र बुरशीप्रमाणे तंतू पसरून वाढते. पहिल्या वळवाने जमिनीतून जो वास सुटतो, तो बऱ्याच अंशी याच कुळातील जंतूंची करणी होय. शेतात आपण त्यास सुगंध म्हणतो; परंतु तेच जंतू भिंतीत शिरले म्हणजे तंतू गिलाव्यात खोल घुसवितात, आम्ल सोडतात, खळी खाऊन रंगाची पकड ढिली करतात, आणि काही वेळा स्वतःचाच रंग चित्रावर सांडतात. इटलीतील प्राचीन एत्रुस्कन लोकांच्या भुयारी थडग्यांत भिंतीवरील चित्रांवर या कुळाची वस्ती अभ्यासकांस आढळली आहे. अजिंठ्याच्या चित्रांवरून बुरशीच्याही अनेक जाती वेगळ्या काढण्यात आल्या आहेत. त्याशिवाय तुसावर ताव मारणारे कसरीसारखे किडे व वटवाघळांची विष्ठा हे आणखी उपद्रव आहेतच.

थडग्यांची गोष्ट लेण्यांहून थोडी निराळी असते. बंद थडग्यात शेकडो वर्षे हवा व ओल एकाच मानाने राहते. ते उघडले की माणसाचा श्वास, दिव्यांची ऊब व चपलांची माती आत जाते. जपानात असुका येथील ताकामात्सुझुका थडगे १९७२ साली उघडकीस आले. त्यातील चित्रांवर पुढे बुरशीचे डाग पडले, श्वेत व्याघ्राचे चित्र फिके झाले, आणि अखेर २००७ साली सारी दगडी खोलीच सुटी करून दुरुस्तीगृहात न्यावी लागली. उलट, इजिप्तमधील तूतांखामेनचे थडगे १९२२ साली उघडले तेव्हाच भिंतींवर तपकिरी ठिपके होते. २००९ पासून सुमारे दहा वर्षे तेथे काम चालले. त्यात १९२० नंतरच्या छायाचित्रांशी ताडून पाहता ठिपके वाढले नाहीत व जीव केव्हाच मेला आहे, असे ठरले. ते रंगात मुरले असल्यामुळे काढावयाचे नाहीत, असाच निर्णय झाला. हा संयम आम्हांस फार आवडतो.

कारण औषध करणाऱ्यांकडून झालेले अपायही थोडे नाहीत. फ्रान्समधील लास्को गुहा १९४८ साली लोकांस खुली झाली. रोज हजारांवर माणसे येऊ लागली, भिंतींवर हिरवे शेवाळ धरले, व १९६३ साली ती बंद करावी लागली. पुढे २००१ मध्ये पांढरी बुरशी फोफावली. तिच्यावर जे जंतुनाशक वर्षानुवर्षे वापरले, त्याने त्याच औषधास दाद न देणारे जंतू निवडले गेले, असे २००९ च्या संशोधनात दिसून आले. अजिंठ्यासही एकोणिसाव्या शतकात नकला काढणाऱ्यांनी रोगण फासले. १९२० नंतर निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा लेप दिला. हेतू चांगला होता, पण लेप पिवळा व काळसर पडला. पुरातत्त्व खात्याचे रसायनज्ञ तो अतिशय सावकाश उतरवीत आले आहेत.

पालकांनी सहल नेताना हे ध्यानात ठेवावे, की चित्रांच्या लेण्यांत पादत्राणे काढावयास सांगतात, छायाचित्रासाठी झगझगीत दिवा लावू देत नाहीत व मोटारी फर्दापूरच्या बाजूस दूर उभ्या करवितात. एका वेळी थोड्याच लोकांस आत सोडल्यास रांगेत ताटकळावे लागते. मुले त्रासतील खरी, पण प्रत्येक श्वासाबरोबर पाण्याची वाफ भिंतीपर्यंत पोहोचते, हे त्यांस तेथेच सांगता येईल.

आमच्या गावात ओलावा म्हणजे भाग्यच. पाऊस बेताचा, म्हणून १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी बंधारे घालून थेंब थेंब मुरविला. भिंतीवरील ओल काय करते, ते पाहावयाचे असल्यास मातीच्या दोन खापऱ्यांवर भुसामिश्रित चिखल सारवून वाळू द्यावा व कणकेच्या खळीत गेरू कालवून त्यांवर एकेक फूल काढावे. एक खापरी कोरड्या फळीवर उघडी ठेवावी; दुसरी ओल्या फडक्यावर ठेवून तिच्यावर काचेचे भांडे पालथे घालावे. भांडे उघडून वास घेऊ नये. रोज एकाच वेळी दोन्ही फुले पाहून वहीत तारीख घालून नोंद करावी. प्रथम दिसेल ती बुरशी. जंतू डोळ्यांस दिसणार नाहीत, परंतु बोटाने न शिवताही रंग कोठे सुटू लागला, हे आठ-दहा दिवसांच्या नोंदींवरून ताडता येते.