मराठी वर्णक्रम आणि बहुमॉड्यूल जावा प्रकल्पाची मांडणी

उद्दिष्टे
या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस
• मराठी वर्णक्रमाचा नियम संगणकास स्वतंत्रपणे का द्यावा लागतो, हे सांगता येईल;
• एका जावा प्रकल्पाची अनेक मॉड्यूलांत विभागणी करता येईल.

प्रास्ताविक
विद्यार्थी मित्रहो, दादर–शिवाजी पार्क परिसरातील स्थलनामांची सूची आपणांस करावयाची आहे, असे समजा. तीत केशवसुत उड्डाणपूल, केळकर मार्ग आणि केळुसकर मार्ग ही नावे आहेत. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'नंतर येतो. म्हणून 'केशवसुत' आधी आणि 'केळकर', 'केळुसकर' नंतर यावयास हवेत. संगणकाची साधी क्रमवारी याच्या उलट लागते. युनिकोडमध्ये 'ल'चा क्रमांक २३५४, 'ळ'चा २३५५, 'श'चा २३५८ आणि 'ह'चा २३६१ आहे. संगणक केवळ या अंकांची तुलना करतो. परिणामी, वाचक जेथे शोधतो तेथे शब्द सापडत नाही आणि सूचीत असूनही तो नसल्यासारखा होतो.

प्रकल्पाची रचना
हा दोष दूर करणारा नियम सर्व आज्ञावलीत विखुरला, तर त्याची दुरुस्ती अवघड होते. म्हणून प्रकल्पाचे तीन मॉड्यूल करावेत: 'शब्दसाठा', 'वर्णक्रम' आणि 'सादरीकरण'.

१. इंटेलिजे आयडिया किंवा एक्लिप्समध्ये मेव्हन पद्धतीचा नवा प्रकल्प उघडावा. हा पालक प्रकल्प होय. त्याच्या पॉम फाइलमध्ये पॅकेजिंग 'पॉम' असे नोंदवावे. त्यात आज्ञावली लिहावयाची नसल्याने 'एसआरसी' फोल्डर काढून टाकावा.
२. पालक प्रकल्पाखाली तिन्ही मॉड्यूल निर्माण करावेत. पालकाच्या पॉममध्ये मॉड्यूलांची नावे आणि प्रत्येक मॉड्यूलच्या पॉममध्ये पालकाचे नाव असते.
३. 'वर्णक्रम' हे 'शब्दसाठा'वर आणि 'सादरीकरण' हे 'वर्णक्रम'वर अवलंबून आहे, अशी नोंद करावी. त्यावरून मेव्हन बांधणीचा क्रम स्वतः ठरवते. दोन मॉड्यूल परस्परांवर अवलंबून ठेवल्यास बांधणी थांबते.
४. मूळ फाइलींची संकेतनपद्धती यूटीएफ-८ अशी पालकाच्या पॉममध्ये एकदाच नोंदवावी. जावाच्या १८व्या आवृत्तीपासून (२०२२) आज्ञावली चालताना हीच पद्धती गृहीत धरली जाते. तरीही बांधणीसाठी स्पष्ट नोंद असणे इष्ट.

भाषाभ्यासकाचे कार्य
'वर्णक्रम' मॉड्यूलमध्ये जावाचा 'रूलबेस्डकोलेटर' हा वर्ग वापरता येतो. त्यास वर्णांचा संपूर्ण क्रम नियमरूपाने द्यावा लागतो. तो क्रम कोणता, हे यंत्र ठरवीत नाही. 'क्ष' हा स्वतंत्र वर्ण मानून वर्णमालेच्या शेवटी ठेवावा, की 'क्' आणि 'ष' यांचे जोडाक्षर म्हणून 'क'खाली, हा निर्णय भाषेच्या अभ्यासकाने घ्यावयाचा असतो. तो बदलल्यास केवळ एकच मॉड्यूल बदलावे लागते.

सारांश
मॉड्यूलांच्या विभागणीमुळे भाषेचा नियम एका ठिकाणी राहतो, तपासता येतो आणि कोश, सूची, नामावली अशा अनेक कामांत पुन्हा वापरता येतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. 'वेळ', 'वेश', 'वेल', 'वेस' हे शब्द प्रथम युनिकोडच्या आणि नंतर मराठी वर्णमालेच्या क्रमाने लिहा.
२. 'शब्दसाठा' हे मॉड्यूल 'सादरीकरण'वर अवलंबून ठेवल्यास काय होईल? सकारण सांगा.