गोठ्यातली जीप



आपल्या तळोद्याच्या बाजूला जीपगाडी कोणाला माहीत नाही? चांदसैलीच्या घाटाने धडगावला जायचे म्हटले की म्हाताऱ्या माणसांना आधी जीपच आठवते. ही गाडी मूळची अमेरिकेची. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून ती लढाईसाठी बनू लागली. चिखल असो, दगड असो, चारही चाकांना जोर मिळतो, म्हणून ती अडत नाही. पुढे महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जोडणी सुरू केली. मग ती आपल्या डोंगरांतही आली.

आज अशाच एका जीपची गोष्ट सांगतो. तिच्यातून आपल्याला काही शिकायचे आहे.

माझा एक जुना विद्यार्थी शेती करतो. त्याच्या गोठ्यात वडिलांची जीप उभी होती. गाडी १९६८ सालची. वडील २००१ साली वारले, त्या दिवसापासून तिला कोणी हात लावला नाही. वर कडबा, खाली कोंबड्या. मागच्या साली भंगारवाला दारात आला. पोराचे मन डळमळले. पण म्हातारी आई आडवी आली. ती म्हणाली, "गावात कोणाला साप चावला, बाई अडली, की तुझे बाबा रात्री हीच गाडी काढत. किती लेकरं हिच्यात जन्मली, मी मोजली नाहीत. भंगारात देऊ नको."

पोरगा माझ्याकडे आला. म्हणाला, "गुरुजी, ट्रॅक्टरला दोर बांधतो, गिअर टाकतो आणि ओढतो. सुरू होईलच की!"

मी म्हणालो, "अरे, वीस वर्षे झोपलेल्या माणसाला कोणी फरफटत उठवतो का? आधी मिस्त्रीला विचार."

तळोद्याचे मिस्त्री आले. वयाने म्हातारे, पण हात तयार. ते म्हणाले, "ओढली असती तर इंजिन गेले असते." का ते त्यांनी समजावून सांगितले.

इंजिनात लोखंडी नळे असतात. त्यांत पिस्टन वर-खाली पळतात. पिस्टनला कड्या असतात. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की ओल धरते आणि कड्या गंजून नळ्याला चिकटतात. जोराने ओढले तर कडी तुटते, नळ्यावर ओरखडे पडतात. मग खर्च दुप्पट.

मिस्त्रींनी काम असे केले.

पहिले काम, पाहणी. हात घालण्याआधी काठीने सीट हलवून पाहिली. अडगळीत साप-विंचू असतात. उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या. जो भाग काढला तो डब्यात ठेवला आणि डब्यावर चिठ्ठी लावली. पोराची बायको नुकतीच आमच्या वर्गात लिहायला शिकली. सगळ्या चिठ्ठ्या तिने लिहिल्या. महिन्याने गाडी परत जोडताना त्याच चिठ्ठ्या कामी आल्या. मिस्त्री म्हणाले, "ताई, तुमच्या अक्षराने माझे दोन दिवस वाचवले."

दुसरे काम, जुने पेट्रोल काढणे. पेट्रोल फार दिवस ठेवले की नासते, डिंकासारखे चिकट होते. टाकी रिकामी करून आतला गंज धुतला. कार्बोरेटर उघडून साफ केला. रबरी नळ्या नव्या घातल्या. हे काम उघड्यावर केले. कोणाला विडी पेटवू दिली नाही.

तिसरे काम, इंजिन सैल करणे. चारही प्लग काढले. प्रत्येक भोकात थोडे ऑइल सोडले आणि दोन दिवस तसेच ठेवले. इंजिनातले जुने काळे ऑइल काढून नवे भरले. रेडिएटर धुऊन पाणी बदलले. मग गिअर मोकळा ठेवून पुढच्या हँडलने हळूहळू फिरवले. आधी हलेना. जोर केला नाही. पुन्हा ऑइल, पुन्हा एक दिवस. चौथ्या दिवशी इंजिन फिरले. आईने देवापुढे साखर ठेवली.

चौथे काम, ब्रेक. पोराला घाई झाली. "आता सुरू करू!" मिस्त्री म्हणाले, "बस आणि ब्रेक दाब." त्याने दाबला. पायाखालचे पेडल थेट तळाला गेले! ब्रेकचे ऑइल हवेतली ओल शोषून घेते. त्याने आतले भाग गंजतात, रबर कुजते. अशी गाडी घाटात नेली असती तर काय झाले असते, तुम्हीच विचार करा. मिस्त्री म्हणाले, "जी थांबत नाही, ती चालवायची नाही." चारही चाकांचे ब्रेक उघडले, रबरे बदलली, नवे ऑइल भरले. टायरांच्या नक्ष्या चांगल्या दिसत होत्या, पण रबराला भेगा होत्या. तेही बदलले.

पाचवे काम, सुरू करणे. नवी बॅटरी बसवली. त्या दिवशी पाऊस होता, म्हणून पोराच्या मुलाने गोठ्याचे दार लोटून घेतले. मिस्त्री ओरडले, "दार उघड!" इंजिनाच्या धुरात एक विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो आणि मरतो. सगळ्यांनी मिळून गाडी अंगणात ढकलली. भिजले, पण शहाणपण केले.

गाडी खोकली, धूर सोडला आणि सुरू झाली. मिस्त्रींचे डोळे ऑइलच्या काट्यावर. काटा वर चढला नसता तर त्यांनी इंजिन तिथल्या तिथे बंद केले असते. काटा चढला. आई पुढच्या सीटवर बसली. शेताला एक फेरी झाली. ती काही बोलली नाही. उतरताना गाडीवरून हात फिरवला, एवढेच.

आता कायद्याचे बोलू. शेतात फेरी मारणे वेगळे, रस्त्यावर जाणे वेगळे. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती दर ५ वर्षांनी नवी करावी लागते. विमा आणि धुराचा दाखलाही लागतो. ५० वर्षांहून जुनी, मूळच्या रूपातली खाजगी गाडी असेल तर २०२१ च्या नियमाने तिची वेगळी नोंदणी होते. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा भाड्याने चालवता येत नाही. म्हणून पोराने आधी नंदुरबारच्या आरटीओत कागद दाखवले. सीटा भरून कमाई करण्याचा विचार त्याने सोडला.

मग एवढा खर्च कशाला, असे कोणी विचारील. नेताजी सुभाषचंद्र बोस यांची गोष्ट ऐका. १९४१ च्या जानेवारीत, १६ तारखेच्या रात्री ते इंग्रजांच्या पहाऱ्यातून निसटले. कोलकात्याच्या घरातून पुतण्या शिशिरकुमार यांनी त्यांना वाँडरर नावाच्या जर्मन मोटारीने गोमो स्टेशनापर्यंत नेले. ती मोटार पुढे कित्येक वर्षे नुसती उभी होती. तिची दुरुस्ती झाली आणि २०१७ साली राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ती लोकांपुढे आली. देशाने नेताजींची आठवण जपली. आपल्या गावानेही रात्रीबेरात्री धावणाऱ्या माणसाची आठवण जपली.

पण एक सांगतो. त्यासाठी कर्ज काढू नका, जमीन गहाण टाकू नका. पोराने आधी मिस्त्रीकडून खर्च कागदावर लिहून घेतला. तो वाचला, झेपेल असे पाहिले, मगच हो म्हटले. तुमच्याकडे जीप नसेल. पण बंद पडलेले पाण्याचे इंजिन असेल, फटफटी असेल. रीत तीच. पाहा, लिहा, विचारा, धीर धरा.

शब्दांचे अर्थ
डळमळणे – मन पक्के नसणे
कुरतडणे – दातांनी थोडे थोडे तोडणे
शोषणे – ओढून घेणे
झेपणे – आपल्याने होण्यासारखे असणे

उत्तरे सांगा
१. ट्रॅक्टरने ओढली असती तर इंजिनाचे काय झाले असते?
२. गोठ्याचे दार का उघडायला लावले?
३. इंजिन सुरू करण्याआधी मिस्त्रींनी ब्रेक का पाहिले?
४. चिठ्ठ्यांचा काय उपयोग झाला?
५. तुमच्या घरी बंद पडलेली एखादी वस्तू आहे का? तिच्या दुरुस्तीला काय काय लागेल, ते वहीत लिहा.