एकदाच वापरावयाच्या कॅमेऱ्याची घाऊक खरेदी

मिरचीची पोती घेणारा व्यापारी काय करतो, हे संकेश्वरच्या मुलांना सांगावयास नको. भाव ठरण्यापूर्वी तो पोत्यात हात घालतो, मूठभर मिरची बाहेर काढतो, देठ मोडून पाहतो, रंग न्याहाळतो. दमट माल कितीही स्वस्त मिळाला तरी वखारीत त्यास बुरशी धरते, हे त्यास ठाऊक असते. आज याच नजरेने आपणांस एक निराळा माल पाहावयाचा आहे. तो म्हणजे फिल्म भरूनच विकला जाणारा, एकदाच वापरावयाचा कॅमेरा.

ही कल्पना जुनी आहे. १८८८ साली जॉर्ज ईस्टमन याने शंभर चित्रांची फिल्म भरलेला कोडॅक कॅमेरा विक्रीस काढला. चित्रे संपली की ग्राहकाने कॅमेराच कारखान्याकडे धाडावा, अशी योजना होती. पुढे १९८६ साली जपानच्या फुजी कंपनीने व १९८७ साली कोडॅकने स्वस्त, एकदाच वापरावयाचे कॅमेरे बाजारात आणले. आपल्याकडे मात्र बडोद्यास तयार होणाऱ्या आगफा क्लिक-३ सारखा कॅमेरा वर्षानुवर्षे जपून ठेवीत आणि रोलमधील १२ चित्रे सणावारी पुरवून पुरवून काढीत!

या कॅमेऱ्याची रचना सोपी आहे. प्लॅस्टिकचे भिंग, ठरलेला एकच वेग, आणि बहुधा २७ चित्रांची फिल्म. कारखान्यातच ती डबीतून पूर्ण बाहेर ओढलेली असते. चाक फिरविले की काढलेले प्रत्येक चित्र उलट डबीत शिरते. चित्रे संपल्यावर संपूर्ण कॅमेरा फिल्म धुणाऱ्याकडे द्यावयाचा. यात नाशवंत काय, तर फिल्म. उष्णतेने व दमटपणाने तिचे रंग फिकटतात, म्हणून वेष्टनावर मुदत छापलेली असते.

मोबाईल आल्यावर हा धंदा बसला. खुद्द कोडॅक कंपनीने २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. परंतु अलीकडे तरुणांस फिल्मची पुन्हा ओढ लागली. कारखाने मोजकेच उरल्यामुळे मागणी वाढताच भावही चढले. गठ्ठ्याने खरेदी करणारे मुख्यतः लग्नसमारंभांचे व्यवस्थापक, हॉटेले व दुकानदार. पाश्चात्त्य लग्नांत प्रत्येक टेबलावर एक कॅमेरा ठेवितात. आपल्या पंगतीत तो कोणाच्या पानाशेजारी ठेवावा, हा प्रश्न मी वाचकांवर सोपवितो.

आता थोडे गणित. समजा, ताज्या कॅमेऱ्याची किंमत १००० रुपये आणि मुदत सरत आलेल्याची ७०० रुपये आहे. फिल्म धुण्याचा खर्च दोहोंस ५०० रुपयेच. ताज्यातून २२ चित्रे चांगली आली, तर एका चित्रास सुमारे ६८ रुपये पडले. जुन्यातून १४ च आली, तर सुमारे ८६ रुपये. म्हणजे ३०० रुपयांची सूट घेणाराच फसला! शिवाय ४० नग घेऊन १० पडून राहिले, तर दहा हजार रुपये अडकले आणि मुदतही जवळ आली.

आणखी एक भानगड आहे. वापरलेली रिकामी कवचे गोळा करून, त्यांत फिल्म भरून पुन्हा विकणारेही निघाले. त्यावरून अमेरिकेत फुजी व जॅझ फोटो यांच्यात दावा झाला. मुळात अमेरिकेत विकलेल्या कवचांत फिल्म भरणे ही केवळ दुरुस्ती होय, असे तेथील अपील न्यायालयाने २००१ साली ठरविले. तेव्हा असा माल गैर नव्हे. पण पुठ्ठा नवा असला तरी आतली फिल्म केव्हाची, हे खरेदीदारानेच विचारावयास हवे. (मुलांनी मात्र असे कवच उघडू नये. फ्लॅशच्या आतील विद्युतसंचायकात सुमारे ३०० व्होल्टपर्यंत दाब साठलेला असू शकतो.)

मग पारख करावी कशी? मिरचीची मूठ पाहून पुन्हा पोत्यात टाकता येते. कॅमेऱ्याचा नमुना तपासला की तो संपलाच! म्हणून जाणता खरेदीदार सर्व नग एकाच मुदतीचे मागतो, त्यांतील एक-दोन विकत घेऊन ऊन, सावली व रात्र अशा तिन्ही वेळी चित्रे काढतो आणि फिल्म धुऊन येईपर्यंत उरलेल्या मालाचे पैसे देत नाही. रंगीत फिल्म धुणारा आता गावोगावी उरलेला नाही. त्याचा पत्ता तर तो त्याहीपूर्वी शोधून ठेवितो.