‘नॅशव्हिल’बद्दल सायलीला

चि. सायलीस,


फोनवर तू म्हणालीस, “मामा, निम्मा बोअर झाला आणि निम्मा डोक्यातून जात नाहीये. फिल्म सर्कलमध्ये बोलायचंय, तर एक काहीतरी ठरवायला हवं ना?” नको ठरवूस. मला विचारशील तर रॉबर्ट ऑल्टमनच्या या सिनेमाबद्दल एकच मत बाळगणारा माणूस तो अर्धाच बघून उठलेला असतो.

आधी कंटाळ्याचं बघू. “स्लो आहे” एवढ्यावर सोडलंस तर समोरचे माना डोलावतील आणि विषय संपेल. नेमकी कुठे कंटाळलीस ते सांग. विमानतळावरून सगळे शहराकडे निघतात, अपघात होतो आणि हायवे तुंबतो. तिथे कमी काहीच घडत नाही. लोक गाड्यांवर चढतात, कुणी खायला विकतं, कुणी सही मागतं. तरी आपण घड्याळ बघतो, कारण चोवीस पात्रांपैकी कुणाचा हात धरायचा ते दिग्दर्शक सांगतच नाही. शिवाय प्रत्येक नटाला वेगळा माइक लावून आवाज आठ ट्रॅकवर घेतलेला. त्यामुळे लग्नाच्या मांडवात बसल्यासारखं होतं, चार बोलणी एकदम कानावर पडतात आणि आपण भलतंच ऐकत राहतो. हे त्याने जाणूनबुजून केलंय. पण जाणूनबुजून केलं म्हणून ते तुला आवडलंच पाहिजे असं नाही. पहिल्या तासात मलाही ते जड जातं, आणि ओपल ही बीबीसीवाली बाई तर आजही सहन होत नाही. बाहेरून आलेल्याची टर उडवायची तर एक प्रसंग पुरला असता. ऑल्टमन तोच विनोद पाच दिवसांच्या गोष्टीत पुन्हा पुन्हा वाढतो.

आता दुसरी बाजू. क्लबमधला तो प्रसंग आठव. गायक टॉम गिटार घेऊन बसतो आणि इथे हजर असलेल्या कुणा खास व्यक्तीसाठी गातोय म्हणतो. चार बायकांना वाटतं, ते आपल्यासाठीच. कॅमेरा मात्र हळूहळू मागच्या टेबलाकडे सरकतो, लिनियाच्या चेहऱ्याकडे. लिनिया झालेली लिली टॉम्लिन त्यात काही ‘करत’ नाही, नुसती ऐकते. (तिचा हा पहिला सिनेमा, बरं का.) हा प्रसंग चढतो तो तासाभरापूर्वी तू कंटाळून पाहिलेल्या स्वयंपाकघरामुळे. तिचा मुलगा, ज्याला ऐकू येत नाही, खुणांनी पोहण्याच्या क्लासची हकिगत सांगतोय. बाप नुसता गोंधळलेला, आणि ती पूर्ण लक्ष देऊन ‘ऐकतेय’. दिवसभर दुसऱ्यांचं ऐकणाऱ्या बाईसाठी कुणीतरी गातंय, हे तेव्हा आपल्याला सांगावं लागत नाही. त्या गाण्याला ऑस्कर मिळालं आणि ते टॉम झालेल्या कीथ कॅरडाइनने स्वतःच लिहिलं होतं. हे हवं तर सांग, पण आधी तो चेहरा सांग.

सर्वांत जास्त वेळ स्यूलीनवर घालव. सुरात गाता न येणारी ती वेट्रेस. पुरुषांच्या निधी-बैठकीत तिला गायला म्हणून नेतात, हुर्यो उडते आणि मग कपडे उतरवायला लावतात. लोकांची लाडकी गायिका बार्बरा जीन हिच्याबरोबर पार्थेनॉनवर गायला मिळेल, या आश्वासनावर ती ते करते. छाती भरदार दिसावी म्हणून कोंबलेले मोजे काढून ती प्रेक्षकांत भिरकावते, तेव्हा सभागृहात हसू फुटतं. तू हसलीस का? हसली असशील तर तेही बोल. ऑल्टमन तिची कीव करतो की तिच्यावर हसणाऱ्यांत तोही आहे, यावर मी गेली कित्येक वर्षं स्वतःशी भांडतोय. कंट्री संगीतातल्या पुष्कळ लोकांना हा सिनेमा म्हणजे आपली टिंगल वाटली होती. त्यांना हळवे म्हणून उडवून लावू नकोस. ज्यांच्या गावात येऊन, त्यांच्याच संगीताची नक्कल करून नटांनी आपापली गाणी रचली, त्यांना बोलायचा हक्क आहे.

सर्कलमधली थोर मंडळी बहुधा राजकारणाकडे वळतील. 1975 सालचा सिनेमा, पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्याची द्विशताब्दी, आणि शहरभर भोंगा लावून फिरणारी त्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराची गाडी, ज्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. बोलू देत त्यांना, खोटं काही नाही त्यात. तू शेवटी पार्थेनॉनवर बार्बरा जीनवर गोळीबार होतो, त्यानंतरचा मंच बघ. अथेन्सच्या देवळाची ती काँक्रीटची प्रतिकृती, खाली गोंधळलेली गर्दी आणि माइक कुणाच्या हातात जातो? दिवसरात्र गायिका व्हायला धडपडणाऱ्या अल्बुकर्कीच्या. तिला गाता येतं, हे तेव्हा कुठे कळतं. आणि वचन मिळालेली स्यूलीन तिथेच, तशीच उभी. मला या शेवटावर अजून राग आहे, आणि त्याहून चांगला शेवट मला सुचलेलाही नाही.

बोलायच्या आधी कुणाचंही परीक्षण वाचू नकोस. नंतर खुशाल वाच. पुन्हा बघणार असशील तर एकट्या लिनियाच्या मागे जा, बाकीचे तेवीस आपोआप येतात. आणि दीडपट वेगाने बघू नकोस, एवढं ऐक माझं.

दिवाळीत येशील तेव्हा ‘शॉर्ट कट्स’ लावू. तोही ऑल्टमनचाच, तीन तासांच्या वरचा. मामीला आधी सांगू नकोस, नाहीतर ती फराळ वळायला बसवेल.

तुझा,
मामा