फुलेवाडा : एका घराने दिलेला धडा

पुण्याच्या गंज पेठेतील महात्मा फुले यांचे राहते घर आज राज्य संरक्षित स्मारक आहे. आम्ही हा फुलेवाडा पाहावयास गेलो, तेव्हा प्रथम जाणवला तो त्याचा साधेपणा. भिंतींवर जोतिराव-सावित्रीबाईंच्या कार्याची चित्रे आहेत. आवारातच जोतिरावांची समाधी आहे.

अंगणात उभे राहिले की १८६८ साल आठवते. त्या वर्षी जोतिरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य बांधवांना खुला केला. सावलीचाही विटाळ मानण्याचा तो काळ होता. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, त्याच्या एकोणसाठ वर्षे आधीची ही गोष्ट. बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर बाबासाहेबांनी जोतिरावांना गुरू मानले, ते उगीच नव्हे.

विद्यार्थी मित्रांनो, जोतिरावांनी समतेची सुरुवात स्वतःच्या घरापासून केली. आपण सभेत समतेवर बोलतो आणि घरी मात्र पोटजात विचारूनच सोयरीक जुळवितो. मुलाला क्लास लावतो, मुलीला चुलीकडे पाठवितो. वाड्यातून परतताना आम्ही स्वतःलाच विचारले : आमच्या घरचा हौद खुला आहे काय?