भोरड्यांचें बिऱ्हाड

पणदऱ्याच्या आसपास नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी जेथवर पोंचतें तेथवर ऊंस, आणि जेथें तें पोंचत नाहीं त्या सुपें-मोरगांवकडील जिरायत पट्ट्यांत ज्वारी, अशी आपल्या बारामती तालुक्याची ढोबळ वांटणी आहे. मार्गशीर्ष-पौषांत या ज्वारीचीं कणसें चिकांत आलीं म्हणजे शेतांत माळा उभा राहतो, गोफणीच्या दोरीला नवा पीळ बसतो, आणि घरांतील एखादें पोर शाळा बुडवून पाखरें राखावयास जातें. ज्यांच्यासाठीं ही तयारी करावयाची ते पक्षी मात्र या मुलुखांत जन्मलेले नसतात. काळें डोकें, काळे पंख, काळी शेपूट आणि मधलें सारें अंग फिकट गुलाबी, असा हा साळुंकीच्या कुळांतील पक्षी. आपण त्यास भोरडी म्हणतों. पळस फुलला कीं त्याच्या केशरी फुलांतील मध पिण्यास यांचे थवे जमतात, म्हणून पळसमैना असेंही त्यास दुसरें नांव आहे.

भोरडीचें जन्मस्थान म्हणजे कझाकस्तान व त्याच्या पूर्वपश्चिमेस पसरलेलीं मध्य आशियांतील गवताळ मैदानें. हिवाळ्यांत तेथील पारा शून्याखालीं वीस अंश किंवा त्याहूनही खालीं जातो. मे-जून महिन्यांत त्या मैदानांवर टोळ व नाकतोडे उदंड होतात, आणि त्याच सुमारास दगडांच्या राशींत व खडकांच्या फटींत हजारों भोरड्या एकाच जागीं घरटीं करितात. अंडीं सुमारें पंधरा दिवसांत फुटतात, आणखी तीनचार आठवड्यांत पिलें उडूं लागतात, आणि संसार आटोपतो. आपल्याकडे त्यांचे पहिले थवे जुलै-ऑगस्टांतच दिसूं लागतात. शेवटचे थवे एप्रिलच्या मध्याच्या सुमारास निघून जातात. म्हणजे वर्षाच्या बारा महिन्यांपैकीं आठ महिने भोरडी दक्षिणेंत काढते व तेथें जेमतेम तीन. ज्यास आपण पाहुणा म्हणतों त्याचा मुक्काम यजमानाच्या येथें इतका लांबला तर त्याचें घर कोणतें आणि बिऱ्हाड कोणतें, हें ठरविणें सोपें नाहीं.

थंडी सोसवत नाहीं म्हणून हे पक्षी दक्षिणेस येतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नव्हे. पिसें हें थंडीवरचें फार उत्तम पांघरूण आहे. पक्ष्याचें शरीर आपल्या शरीराहून अधिक उष्ण असतें, आणि पोटांत पुरेसें अन्न असेल तर तें तसेंच ठेवणें त्यास जमतें. त्याच मैदानांत डोमकावळे व इतर कित्येक पक्षी हिवाळाभर राहतात, कारण मेलेलें जनावर, सांडलेला दाणा, जें मिळेल तें त्यांस चालतें. भोरडीचें तसें नाहीं. टोळ उन्हाळ्याच्या अखेरीस मरून जातात, त्यांचीं अंडीं जमिनींत गाडलेलीं राहतात, त्यावर बर्फाचा थर बसतो. मग चोंच मारावयाची कोठें? बिऱ्हाड हलवावें लागतें तें भुकेमुळें. आपल्याकडील ऊंसतोडणी कामगाराची बैलगाडी कार्तिकांत कारखान्याच्या वाटेस लागते, ती बीडची किंवा नगरची हवा वाईट म्हणून नव्हे, तसेंच हें.

यावर चाणाक्ष विद्यार्थी विचारील कीं, दक्षिणेंत जर वर्षभर खावयास मिळतें, तर हे पक्षी येथेंच कां राहत नाहींत? परत जावयाचे कष्ट कशासाठीं? या प्रश्नाचें उत्तर दिवसाच्या लांबींत आहे. आपल्या येथें वर्षांतला सर्वांत लहान दिवस सुमारें अकरा तासांचा व सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. फरक दोन-सवादोन तासांचा. उत्तर कझाकस्तानांत तोच दिवस हिवाळ्यांत आठ तासांहून लहान, तर जूनमध्यें सोळा तासांहून मोठा होतो. ज्या आईबापांस चारपांच भुकेलीं तोंडें भरावयाचीं आहेत त्यांस रोज तीन तास अधिक उजेड मिळणें, आणि त्या उजेडांत पायांखालीं टोळांचा सडा असणें, ही लहान गोष्ट नव्हे. दक्षिणेंत एकट्याचें पोट भरतें. उत्तरेंत कुटुंबाचें भरतें.

निघावयाची वेळ झाली हें पक्ष्यांस कसें कळतें? कॅनडांतील एडमंटन येथें विल्यम रोवन नांवाच्या प्राध्यापकानें 1920 नंतरच्या दशकांत यावर एक सुंदर प्रयोग केला. जुंको नांवाचे लहान पक्षी त्यानें कडाक्याच्या हिवाळ्यांत उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले, आणि विजेच्या दिव्यांनीं त्यांचा दिवस रोज थोडाथोडा वाढविला. बाहेर बर्फ असतांही त्या पक्ष्यांच्या शरीरांत वसंत ऋतूंतले बदल झाले. म्हणजे पक्षी पारा पाहत नाहीं, उजेड मोजतो. थंडी एखाद्या वर्षीं लवकर येईल, एखाद्या वर्षीं उशिरां. सूर्याच्या वेळापत्रकांत मात्र चूक होत नाहीं. दिवसाच्या या मापावर पक्ष्याच्या अंगांत चरबी सांठूं लागते, भूक वाढते, आणि पिंजऱ्यांत कोंडलेला प्रवासी पक्षी देखील त्या दिवसांत रात्रभर अस्वस्थ होऊन फडफडत राहतो. ही चरबी म्हणजे त्याची वाटखर्चाची शिदोरी. कांहीं लहान पक्षी निघण्यापूर्वीं आपलें वजन जवळजवळ दुप्पट करून घेतात.

वाट सांपडण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. सूर्य, तारे व पृथ्वीचें चुंबकत्व यांचा पक्षी उपयोग करितात, हें आतां सिद्ध झालें आहे. परंतु यांत उपजत काय व अनुभवाचें काय? भोरडीच्याच कुळांतील युरोपी मैनांवर पर्डेक या डच शास्त्रज्ञानें केलेलें काम 1958 सालीं प्रसिद्ध झालें. स्थलांतराच्या वाटेवर हॉलंडांत पकडलेल्या सुमारें अकरा हजार मैना त्यानें विमानानें स्वित्झर्लंडांत नेऊन सोडल्या. प्रौढ मैनांनीं दिशा बदलली व त्या आपल्या नेहमींच्या मुक्कामाकडे, इंग्लंड आणि उत्तर फ्रान्सकडे, गेल्या. त्याच वर्षीं जन्मलेल्या पिलांनीं मात्र हॉलंडांतून जी दिशा धरली असती तीच धरली, आणि तीं थेट दक्षिण फ्रान्स व स्पेनांत जाऊन पोंचलीं. दिशा आईबापांकडून रक्तांत मिळते, ठिकाण एकदां जाऊन आल्यावरच कळतें, असा त्याचा अर्थ होतो. मला तर या प्रयोगांतील चुकलेल्या पिलांविषयींच अधिक कौतुक वाटतें. वडीलधारें कोणी बरोबर नसतां तीं निघालीं तरी.

भोरड्या हिंदुस्थानांत शिरतात त्या बहुतेक वायव्येच्या बाजूनें. हिमालय सरळ ओलांडण्याचें साहस करणारा पक्षी निराळा, आणि तोही आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यांत दरवर्षीं येतो. त्याचें नांव पट्टकादंब. डोक्यावर मागच्या बाजूस दोन काळे आडवे पट्टे असलेला हा राखी हंस मंगोलिया, तिबेट व त्याभोंवतींच्या उंच सरोवरांवर अंडीं घालतो. त्याच्या पाठीवर लहान यंत्रें बांधून शास्त्रज्ञांनीं त्याचा माग घेतला, तेव्हां 7,290 मीटर इतक्या उंचीवरून तो उडाल्याची नोंद मिळाली. त्या उंचीवर माणसास चार पावलें चालतांना धाप लागते. या हंसाच्या रक्तांतील तांबडें द्रव्य विरळ हवेंतूनही प्राणवायु ओढून घेतें, हें एक कारण. परंतु तो उगाच उंच उडत नाहीं, हें दुसरें. 2015 सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत असें दिसलें कीं, डोंगर वर चढला तर हंस चढतो, दरी आली तर पुन्हां खालीं उतरतो, आणि अशी चढउतार करूनच त्याची शक्ति अधिक वांचते. शिवाय तो बहुधा रात्रीं किंवा पहांटे निघतो, कारण तेव्हांची थंड हवा दाट असते.

कालिदासानें मेघदूतांत मानस सरोवराकडे निघालेले राजहंस वर्णिले आहेत, आणि हिमालयांतील क्रौंचरंध्रास हंसद्वार म्हटलें आहे. पर्वताच्या भिंतींत हंसांना जावयास एक दार आहे, ही कविकल्पना खऱ्या वस्तुस्थितीपासून फार दूर नाहीं. युरोपांत मात्र पाकोळ्या हिवाळाभर बिळांत निजून राहतात, या ॲरिस्टॉटलच्या मतावर लोकांचा शेंकडों वर्षें विश्वास होता. 1822 सालीं उत्तर जर्मनींत एक करकोचा मारला गेला, त्याच्या मानेंत आफ्रिकेंतील लांकडी भाला आरपार रुतलेला होता. तेवढ्या भाल्यानें पंडितांचे पुष्कळ वाद मिटविले. तो करकोचा पेंढा भरून रोस्टॉकच्या विद्यापीठांत ठेविलेला आहे. पुढें 1899 सालीं डेन्मार्कांत मॉर्टेन्सन या शिक्षकानें पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमचीं कडीं घालण्याची पद्धत सुरू केली. आपल्याकडे मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीनें डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखालीं 1959 पासून हें काम मोठ्या प्रमाणावर केलें. मंगोलियांत गळ्यांत पट्टी घातलेले पट्टकादंब दक्षिण हिंदुस्थानांत दिसले आहेत, त्यावरून आतां ही वाट केवळ तर्काची राहिलेली नाहीं.

बारामतीच्या ईशान्येस भिगवण आहे. तेथील भीमेचें विस्तीर्ण पाणी निसर्गानें दिलेलें नव्हे; 1980 सालीं पुरें झालेल्या उजनी धरणाचा तो फुगवटा आहे. या धरणाची सारी सांठवण सुमारें 117 अब्ज घनफूट, आणि तींतील निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारें 63 अब्ज घनफूट, मृतसांठा. शेतकऱ्यास हा मृतसांठा म्हणजे हातीं न लागणारी पुंजी. पक्ष्यांस मात्र उन्हाळ्यापर्यंत न आटणारें तळें. पाण्यापेक्षांही त्यांस मोलाचा असतो तो कांठचा चिखल. कालव्यांस पाणी सुटूं लागलें म्हणजे पाणी मागें सरकतें, गाळ उघडा पडतो, त्यांतील किडे, शिंपले, कोंवळें गवत हाताशीं येतें, आणि तुतवार, चक्रवाक, पट्टकादंब तेथें उतरतात. त्याच गाळपेर जमिनींत शेतकरीही आपलें पीक घेतो. धरण कांठोकांठ भरलेलें राहिलें तर हा चिखल उघडा पडावयास वेळ लागतो, आणि पक्षी अन्यत्र जातात किंवा उशिरां येतात. येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. भिगवणचे गुलाबी रोहित पक्षी सैबेरियांतून येतात असें होडीवाल्यांपासून पुढाऱ्यांपर्यंत सर्वजण सांगतात. परंतु रोहिताची वीण आपल्याच देशांत, कच्छच्या रणांत होते.

याच पाण्याखालीं पळसदेवसारखीं भीमाकांठचीं जुनीं गांवें गेलीं. पाणी फार ओसरलें म्हणजे पळसदेवच्या जुन्या मंदिराचें शिखर वर येतें. त्या गांवांच्या लोकांस वरच्या माळावर नवीं घरें बांधावीं लागलीं. त्यांच्या स्थलांतरास परतीचा ऋतु नव्हता. आणि पुण्याचें सांडपाणी मुळा-मुठेंतून याच जलाशयांत उतरतें, तें कांठच्या माणसांस जितकें बाधतें तितकेंच त्या चिखलांत चोंच घालणाऱ्यांस.

आतां पुन्हां भोरडीकडे वळूं. ज्वारी राखणाऱ्या शेतकऱ्यास तिचें प्रेम वाटावें, असें मी म्हणणार नाहीं. सकाळच्या पहिल्या प्रहरीं शेंदोनशेंचा थवा चिकांतल्या कणसांवर उतरला तर घटकाभरांत कणीस पिशीसारखें रिकामें होतें, हें ज्याच्या शेतांत घडतें त्यालाच कळतें. तिकडे चीनच्या शिंजियांग प्रांतांत मात्र याच पक्ष्यासाठीं सरकारी खर्चानें दगडविटांचीं घरटीं बांधून दिलेलीं आहेत. कारण तेथील कुरणांवरचे टोळ तो खातो, आणि औषध मारण्याचा खर्च वांचतो. एकच पक्षी, उत्तरेंत पगारी नोकर, दक्षिणेंत चोर. खरें पाहतां येथेंही तो नुसता दाणेच खात नाहीं. ज्वारी पोटरींत येण्यापूर्वीं व कापणीनंतर नाकतोडे, अळ्या हेंच त्याचें अन्न, आणि पळस, पांगारा, सांवर यांच्या फुलांतील पराग एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेण्याचें कामही तो करितो. परंतु हा जमाखर्च ज्याच्या खात्यावर नफा पडतो त्याच्या हातीं नाहीं, आणि ज्याच्या खात्यावर तोटा पडतो तो माळ्यावर गोफण घेऊन उभा आहे. जेथें सबंध शिवारांत ज्वारीचें एखादेंच शेत उरतें तेथें तर सारा थवा त्या एकावरच पडतो. पूर्वीं तोच तोटा शंभर शेतांत वांटला जात असे. ऊंसाच्या बागायतींत ज्वारी लावण्याचा उत्साह कमी होण्याचें हेंही एक कारण आहे, आणि ज्वारी कमी झाली कीं उरलेल्यांचा तोटा आणखी वाढतो.

येत्या श्रावण-भाद्रपदांत पणदऱ्याच्या मुलांस एक गोष्ट सहज करून पाहतां येईल. सायंकाळीं भोरड्या बाभळींवर वस्तीस उतरूं लागल्या म्हणजे थव्यांतील गुलाबी किती व मातकट तपकिरी किती, हें मोजून तारखेसह वहींत लिहून ठेवावें. तपकिरी असतात तीं त्याच उन्हाळ्यांतलीं पिलें, आणि पहिलें वर्ष असल्यामुळें हा गांव त्यांनीं पूर्वीं पाहिलेला नसतो. तपकिरी पुष्कळ दिसलीं तर कझाकस्तानच्या माळावर यंदा टोळ मुबलक होते असें समजावें. थोडीं दिसलीं तर तिकडे दुष्काळ होता.