कॉमर्सनंतर जपानी?

प्रश्न : मुलगी बारावी कॉमर्सला आहे. जपानीत पदवी घ्यायची म्हणते. आर्ट्स लागेल का? – एक पालक, वडाळा

उत्तर : शाखा आड येत नाही. दिल्लीच्या जेएनयूत जपानी, चिनी, कोरियन तिन्हींत बीए ऑनर्स आहे; प्रवेश सीयूईटी या प्रवेश परीक्षेतून, आणि भाषा मुळाक्षरांपासून शिकवतात. जवळ हवं तर पुण्यात टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचं बीए होतं. जेएलपीटीला मात्र पदवी समजू नका. ती जुलै आणि डिसेंबरमध्ये होणारी जपानीची प्रावीण्य परीक्षा; एन५ सर्वांत सोपी, एन१ सर्वांत अवघड. नोकरी देताना कंपन्या बहुधा हीच पातळी आधी विचारतात. त्यामुळे दिल्लीला धाडायला मन धजत नसेल, तर बीकॉम इथेच करू द्या आणि संध्याकाळी जपानीचा क्लास. कांजी, म्हणजे जपानीतली चिनी चित्राक्षरं, मात्र रोज गिरवावी लागतील, गणपतीतसुद्धा!